दोरी उतरवून ठेवा

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. गालावर, डोळ्याच्या अगदी खाली, पट्टी. "अरे, हे काय?" विचारलं तर ओशाळून म्हणाला, "गुरुजी, कामठ्याची दोरी तुटली."

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीसाठी पठ्ठ्याने कामठा नटवला होता. रंगीत टेप, गोंडे, आरसे, सगळं नवं. दोरी मात्र जुनीच. ऐन रंगात ताणली आणि तुटली. शेजारी लहान पोरं उभी होती. अर्धा इंच वर लागलं असतं तर? पुढचा विचार करवत नाही.

मी मूळचा इथला नाही. नोकरीसाठी धडगावला आलो आणि इथलाच झालो. तिरकामठा मला एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी समजावून दिला. आपल्या सातपुड्यातल्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या चोयेची असते. ती तासताना ते गाठीजवळ थांबायचे, बोट फिरवून पाहायचे. कुठे उभी चीर दिसली की चोय सरळ चुलीत! बांबू पावसाळ्यातला नको, त्याला किडा लागतो, थंडीतला तोडावा. कामठा चुलीवरच्या धुरात टांगावा. तीर न लावता दोरी ताणून सोडू नये, सगळा झटका कामठ्यालाच बसतो. आणि काम झालं की दोरी खाचेतून उतरवून ठेवावी. सदा ताणलेला कामठा हळूहळू वाकलेलाच राहतो, त्याचा जोर जातो.

बरं, ही काही फक्त जुन्या माणसांची गोष्ट नाही. २०२३ साली बर्लिनला आपल्या महाराष्ट्राची अदिती स्वामी आणि ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांचं कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकं, तारा आणि नाना पुर्ज्यांचं यंत्रच. पण त्याच्याही दोरीला मेण लावावं लागतं, धागा विसकटला की ती बदलावी लागते. धनुष्य लाखाचं असो की घरच्या बांबूचं, भरवसा सगळा दोरीवर.

माझं म्हणणं एवढंच की ज्याला हत्यार जपता येत नाही, त्याने ते मिरवू नये. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात बंदुकीचे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते बंदुकीपुरतं झालं. तिरकामठ्याची शिस्त मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनीच लावायची आहे. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याने प्रत्येक दोरीवर बोट फिरवावं. गर्दीत टोकदार तीर नकोतच.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही आमची अस्मिता आहे. अगदी मान्य! १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांबरोबर इंग्रजांच्या बंदुकांसमोर हाच तिरकामठा उभा राहिला होता. पण त्या माणसांचे कामठे शोभेचे नव्हते. अस्मिता गोंड्यात नाही, ती चोय तासणाऱ्या बोटात आहे. आणि ती बोटं आता थोडीच उरली आहेत.

असो. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, आजोबा अजून दोरी करतात. त्यांच्याकडून शिकून घेतो." मी म्हटलं, "शीक. आणि आधी घरी जाऊन दुसऱ्या कामठ्याचीही दोरी उतरव."