संततीची इच्छा आणि सुनेची संमति

महाभारताच्या आदिपर्वांत एका निपुत्रिक राजघराण्याची कथा आहे. विचित्रवीर्य क्षयानें वारला, तेव्हां वंश चालावा म्हणून सत्यवतीनें व्यासांस पाचारण केलें व दोघी सुनांची समजूत घातली. अंबिकेनें भयानें डोळे मिटले, अंबालिका पांढरी पडली, आणि पुन्हां तोच प्रसंग येतांच अंबिकेनें आपल्या जागीं दासीला पाठविलें. सुनांची समजूत घालण्यांत आली. त्यांचें मन विचारण्यांत आलें नाहीं. ही कथा आज आठवण्याचें कारण, शरीराबाहेर गर्भधारणा घडविणारी विद्या आपल्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे.

या विद्येची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांतील ओल्डहॅम येथें या मार्गानें पहिली मुलगी जन्मली. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें दुसरी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीं १९८६ सालीं हेंच यश मिळविलें. त्यानंतर असंख्य घरांत पाळणे हालले, याचा आनंद कोणास होणार नाहीं?

परंतु या आनंदाचें मोल कोणाच्या देहानें फेडलें जातें, हें घरांतील वडील मंडळींनीं जाणलें पाहिजे. एकाच वेळीं अनेक स्त्रीबीजें पक्व व्हावींत म्हणून स्त्रीला कित्येक दिवस रोज इंजेक्शनें घ्यावीं लागतात. मग सुईनें तीं बीजें काढून प्रयोगशाळेंत फलित करतात व गर्भ उदरांत ठेवतात. क्वचित् बीजाशय अतिशय सुजतो, पोटांत पाणी सांचतें, रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवावरहि बेततें. एकाहून अधिक गर्भ ठेवल्यास जुळें-तिळें राहण्याचा संभव वाढतो. मग अपुऱ्या दिवसांचीं, कमी वजनाचीं बालकें आणि मातेस रक्तदाबाचा विकार ओढवूं शकतो. म्हणून शक्य तेथें एकच गर्भ ठेवण्याकडे जाणत्या डॉक्टरांचा कल असतो. एवढें सोसूनहि यशाची खात्री नाहीं. पस्तिशीनंतर स्वतःच्या बीजानें यश मिळण्याचा संभव घटत जातो, आणि चाळिशीनंतर तर फारच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अपत्यहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या ठायींहि कांहीं उणीव आढळते. त्याची पहिली तपासणी सोपी व वेदनारहित. तरी पुष्कळ घरांत नवससायास, उपासतापास आणि दवाखाना हें सारें सुनेच्या वांट्यास येतें, व मुलाच्या तपासणीचें नांव निघतांच सासूबाई उठून देवघरांत जातात. १९९२ सालीं ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनीं एकच शुक्रजंतु बीजांत सोडून गर्भधारणा साधल्याचें जाहीर केलें, त्यामुळें पुरुषाच्या दोषावरहि उपाय निघाला. पण त्यासाठींहि इंजेक्शनें पत्नीनेंच घ्यावयाचीं!

लोभास मर्यादा घालणें कायद्यासहि भाग पडलें. २०१९ सालीं आंध्र प्रदेशांत सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीस या उपायानें जुळ्या मुली झाल्या. २०२१ च्या कायद्यानें उपचार घेणाऱ्या स्त्रीचें वय पन्नासाच्या व पुरुषाचें पंचावन्नाच्या आंत असावें असें ठरविलें. बीज देणारी स्त्री आयुष्यांत एकदांच, आणि सातांहून अधिक नव्हेत इतकींच बीजें देऊं शकते. तिचा विमा उतरविणें बंधनकारक आहे. मुलगा कीं मुलगी हें निवडण्यास सक्त मनाई आहे. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पतिपत्नी दोघांचीहि लेखी संमति लागते, आणि गर्भ उदरांत ठेवण्यापूर्वीं ती केव्हांहि परत घेतां येते.

पण दवाखान्यांतील कागदावरची सही आणि मनाची संमति एक नव्हेत. भरल्या घरांत, दहा जणांच्या अपेक्षेपुढें, नाहीं म्हणणें किती कठीण असतें हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. म्हणून वडिलांना आमची विनंति अशी: आधीं मुलाची तपासणी होऊं द्या; किती वेळां प्रयत्न करावयाचा हें प्रारंभींच ठरवा; आणि ती संख्या ठरविण्याचा शेवटचा अधिकार सुनेस द्या. ती थकून "आतां पुरे" म्हणाली, तर त्या शब्दावर कुलाचाराचें, पैशाचें वा शेजाऱ्यांच्या बोलण्याचें ओझें ठेवूं नका. मूल नसलें तरी ती त्या घरची लेकच आहे. आणि हें तिला तोंडानें सांगण्याचें काम प्रथम सासूबाईंचें आहे.