झोप कमी, तरी थकवा नाही? सावध व्हा!



घरचा कर्ता माणूस सलग तीन-चार रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपतो, तरी पहाटे ताजातवाना उठून कामाला लागतो. घरच्यांना कौतुक वाटते. मग बडबड वाढते, मोठमोठे बेत सुरू होतात, अडवले तर संताप होतो. आणि एक दिवस तो भलत्याच जमिनीचा इसार देऊन येतो, नाहीतर ऐन हंगामात बैलजोडी विकतो. लोक म्हणतात, बाहेरचे लागले. तसे काही नसते. हा ‘बायपोलर’ आजारातील उन्माद असू शकतो. या आजारात माणूस कधी अतिउत्साहात, तर कधी खोल उदासीत जातो. मधल्या काळात तो चारचौघांसारखाच असतो.

उन्मादात झोपेची गरज कमी होते, हे खरे. पण उलटही घडते. झोप मोडल्यानेच उन्माद सुरू होऊ शकतो. अमेरिकेतील डॉ. थॉमस वेहर व सहकाऱ्यांनी १९८७ साली हे चक्र मांडले. झोप तुटली की उन्माद पेटतो आणि उन्मादाने झोप आणखी तुटते.

काळजीने झोप लागली नाही, तर सकाळी अंग मोडून येते. उन्मादात थकवा जाणवतच नाही. हीच खूण ओळखा.

ज्याला हा आजार आहे, त्याला रात्री दारे धरायला पाठवू नका. वीज रात्रीची असेल, तर भावाने जावे. राखण, जागरण-गोंधळ, वरात यांतही त्याची झोप सांभाळा. बाळंतिणीला हा आजार असेल, तर रात्री बाळाला सासूने किंवा आईने घ्यावे. निजण्या-उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. संध्याकाळनंतर चहा नको, दारू तर नकोच.

बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. लिथियमची गोळी चालू असेल, तर उन्हात काम करताना पाणी भरपूर प्यावे, मीठ एकदम तोडू नये आणि सांगितल्या वेळी रक्त तपासावे. जुलाब-उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

झोप उडाल्याची खूण दिसताच पैसा व कागदपत्रे घरातल्या दुसऱ्याच्या हाती द्या आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. यात लाज कसली? वेळीच उपचार झाले, तर माणूसही सावरतो आणि बैलजोडीही दावणीला राहते.