‘जेवण कधी?’

आदिलाबादेत काय, बेळगावात काय, स्मृतिभ्रंश झालेल्या घरचा प्रश्न एकच. जेवून दहा मिनिटे होत नाहीत तोच आजोबा विचारतात, “जेवण कधी?” “आत्ताच तर जेवलात!” म्हटले की भांडण ठरलेले. जेवल्याची नोंद मेंदूत टिकलेलीच नसते, पटवणार काय? वाटीभर ताक द्यावे, विषय बदलावा.

हे शिकावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसपोर्ट’ या ऑनलाइन पाठात २३ धडे आहेत. सांभाळणाऱ्याने स्वतःला कसे जपावे, हेही त्यात येते. (धडे सुनेनेच वाचावेत असे नाही, मुलानेही वाचावेत!) इंटरनेट जमत नसेल, तर २०२२ पासून सरकारचा ‘टेलि-मानस’ आहे. १४४१६ फिरवा, मराठी, कन्नड वा तेलुगू निवडा. पैसे पडत नाहीत. आजोबा झोपल्यावर, रात्रीही चालेल.