मनगटावरची उसनी प्रतिष्ठा

नवीन पनवेल ही कष्टाच्या पैशांवर उभी राहिलेली वसाहत आहे. सिडकोने रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आखून दिलेल्या सेक्टरांमध्ये मुंबईच्या चाळींतून आणि कोकणातल्या गावांतून कुटुंबे आली. कोणी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढली, कोणी घरचे दागिने गहाण ठेवले, आणि त्यातून येथे दोन खोल्यांचा संसार मांडला. या घरांतील कर्त्या माणसांचे आयुष्य घड्याळाच्या काट्यावर गेले. सकाळची लोकल एक मिनिटाने चुकली तर दिवसभराचे गणित बिघडे. त्यांच्या मनगटावर बहुधा एचएमटीचे चावीचे घड्याळ असे. लग्नात सासऱ्याने दिलेले किंवा पहिल्या पगारातून घेतलेले ते घड्याळ निवृत्तीपर्यंत साथ देई.

त्याच घरांच्या दारात आता कुरिअरवाला लहानसे खोके घेऊन उभा राहू लागला आहे. खोक्यात लाख-दोन लाखांचे स्विस घड्याळ असते. ते मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले, पडद्यावरच पसंत केलेले आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेतलेले. घराचे कर्ज अजून फिटलेले नसते, धाकट्याचे महाविद्यालयीन शुल्क भरायचे असते, आणि घरातील प्रत्येकाच्या हातात वेळ दाखविणारा मोबाइल आधीच असतो. मग हे घड्याळ कशासाठी?

अचूक वेळेसाठी ते खचितच नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हजार रुपयांचे असे घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद चुकते. याउलट स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर म्हणून प्रमाणित होणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे स्वस्त घड्याळ महिनाभरात जेवढे चुकते, तेवढे महागडे घड्याळ चार-पाच दिवसांतही चुकू शकते. लाख रुपये मोजून माणूस वेळ विकत घेत नाही. तो शेजाऱ्याची नजर विकत घेतो.

स्विस कारखानदारांना हे नेमके ठाऊक आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि स्विस उद्योगाच्या पायाखालची वाळू सरकली. १९७० च्या सुमारास सुमारे ९० हजार कामगारांचे पोट या धंद्यावर चाले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ३० हजारांच्या घरात आली. अचूकतेच्या स्पर्धेत आपण हरलो, हे ओळखून त्यांनी वेळ विकणे कमी केले आणि प्रतिष्ठा विकण्यास आरंभ केला. व्यापारी म्हणून ते चतुर ठरले. प्रश्न त्यांच्या चातुर्याचा नाही, आपल्या भोळेपणाचा आहे.

तबकडीवरील ‘स्विस मेड’ या दोन शब्दांचेच पाहा. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या तेथील नियमानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्विस असला तरच ही मोहोर उमटविता येते. उरलेला भाग कोठूनही येऊ शकतो. हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे घड्याळांच्या तबकड्या तयार होऊन स्विस कंपन्यांकडे जातात. बंगळुरूत बनलेले काटेही जातात. भारतीय कारागिराच्या हातचे काम आल्प्सची फेरी करून परत येते, तेव्हा त्याच्यापुढे मान झुकते. तेच काम भारतीय नावाने समोर आले की नाक मुरडले जाते. राजकीय पारतंत्र्य १९४७ मध्ये संपले. मनाच्या या पारतंत्र्याचे काय?

एचएमटीची कहाणी या दृष्टीने विसरण्याजोगी नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना उभा राहिला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही नावे घराघरांत पोहोचली. पुढे क्वार्ट्झचे वारे ओळखण्यात कंपनी कमी पडली, सरकारी सुस्ती नडली, तोटा वाढत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. दोष व्यवस्थापनाचा होताच. पण ‘एचएमटी काय घालायचे’ असे म्हणत ते मनगटावरून उतरविणाऱ्या समाजाचे हातही पूर्णपणे स्वच्छ नाहीत. आता तीच जुनी घड्याळे संग्राहक चढ्या भावाने इंटरनेटवर शोधतात. जिवंतपणी उपेक्षा आणि मागाहून आरती, ही आपली जुनीच रीत.

भारतीयांना हे साधत नाही, असे म्हणण्यास मात्र जागा नाही. टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून २००२ मध्ये ‘एज’ हे अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ बाजारात आणले. त्यातील यंत्र केवळ १.१५ मिलिमीटर जाडीचे होते. पनवेलकरांना तर अशा उदाहरणासाठी होसूरपर्यंतही जाण्याचे कारण नाही. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधे बनविणारे श्री धूतपापेश्वर त्यांच्याच गावचे आहे. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. ती पेटविणे तुलनेने सोपे होते. एकेक पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभारणे कठीण होते. स्वदेशीचा खरा अर्थ त्या कठीण कामात आहे, आणि असे काम टिकते ते ग्राहकाच्या निष्ठेवर.

‘स्वतःच्या कमाईचे पैसे कसे खर्चावेत, हे इतरांनी का सांगावे?’ असा प्रश्न यावर विचारला जाईल. आपल्या परंपरेने धनाचा तिरस्कार कधीच केला नाही. चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान आहे. यंत्राची बारकाई जाणणारा, त्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठविणारा रसिकही असतो. त्याच्याशी वाद नाही. परंतु हप्त्यांवर घेतलेली वस्तू कमाईची नसते, ती उद्याच्या कमाईवरची उचल असते. ‘शून्य व्याज’ ही जाहिरात तर निव्वळ धूळफेक आहे. अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड लपविलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते.

ऑनलाइन खरेदीत आणखी एक धोका आहे. दुकानात माणूस घरच्यांना घेऊन जाई, चार ठिकाणी चौकशी करी, घासाघीस करी. मध्यरात्री अंथरुणात पडून बोटाच्या एका स्पर्शाने होणाऱ्या खरेदीला ना आईची संमती लागते, ना पत्नीचा सल्ला. फसवणूक होते ती याच एकांतात. अधिकृत हमी नसलेला माल गळ्यात मारला जातो आणि ‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाने उघड नकली घड्याळे विकली जातात. जाणूनबुजून नकली घड्याळ मिरविणारा तर खोट्या प्रतिष्ठेचेही खोटे रूप अंगावर वागवतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचा तपशील आणि वस्तूचा मूळ देश दाखविणे बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पनवेलकरांसाठी अलिबागचा जिल्हा आयोग आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे हक्क प्रत्येक घराला ठाऊक असलेच पाहिजेत.

मात्र कायद्याच्या कुंपणाला मर्यादा असते. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी १० मार्च २०२४ रोजी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपणार आहे. त्या बदल्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट करारात आहे, आणि राष्ट्राच्या उभारणीसाठी ते मोलाचे आहे. पण जकातीची भिंत जसजशी खाली येईल, तसतसा मोह दाराशी येऊन उभा राहील. सरकारने इतकी वर्षे केलेली राखण यापुढे ज्याने त्याने आपल्या घरात करावयाची आहे.

दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देणारा आणि ते आदराने स्वीकारणारा हा समाज आहे. वस्तूची किंमत आणि माणसाचे मोल या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्याला कोणी शिकवावयास नको. केवळ आठवण द्यावयास हवी. ती आठवण घरातच दिली गेली पाहिजे. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला घड्याळ जरूर द्यावे, ते भारतीय बनावटीचे द्यावे, रोख पैसे मोजून द्यावे. आणि याच नवीन पनवेलमधून पहाटेची लोकल पकडणाऱ्या त्याच्या आजोबांनी एका घड्याळावर सारी नोकरी कशी निभावली, हेही त्याला त्याच वेळी सांगावे.