पूर्णेचं पौषातलं पाणी

पौषात दर रविवारी ऋणमोचनला पूर्णेकाठी यात्रा भरते. गाडगेबाबांनी इथे घाट बांधला तो नदीत उतरून स्नान करणाऱ्यांच्या सोयीसाठी. पावसाळा सरून तीन महिने झाले तरी पूर्णा वाहती असणार, हे त्या काळी कुणाला सांगावं लागत नव्हतं. आज पुराचे आकडे तासातासाला कळतात, धरणांचे टक्के रोज छापून येतात. पौषात नदी किती वाहते, हे मात्र कुणी विचारत नाही. वऱ्हाडच्या पाण्याचं दुखणं नेमकं तिथे आहे.

हिवाळ्यात नदीत वाहतं ते मुरलेलं पाणी. भैसदेहीजवळ उगम पावून पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडते आणि चांगदेवला तापीला मिळते. सातपुड्याच्या पायथ्याला, अचलपूर-अकोट-तेल्हाऱ्याकडे, गोटे आणि वाळूचे जाड थर आहेत. डोंगरातून उतरणारे नाले तिथे जिरतात आणि तेच पाणी पुढे सावकाश पाझरत राहतं. याच पट्ट्यात संत्र्या-केळीसाठी बोअर खोल खोल जात आहेत. भूजल नदीच्या तळाखाली गेलं की उलटा कारभार सुरू होतो: नदीला पाणी मिळायचं सोडून नदीचंच पाणी जमीन ओढून घेते.

त्यात पाऊस बदलला. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं. आठ-आठ दिवसांची झड लागली की पाणी मुरतं; एका रात्रीत कोसळलेला पाऊस काळ्या मातीत जिरत नाही. माती फुगते, भेगा मिटतात, पाणी वरून निघून जातं. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीचं पाणी अकोल्यात घरांत शिरलं. जुलै २०२३ मध्ये अकोला-बुलढाण्यात अतिवृष्टीने शेतं खरडून नेली आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. वर्षाची सरासरी काढली तर या दोन महिन्यांचं दुःख त्यात दिसणारही नाही.

पण सगळा दोष आभाळाला द्यायला मी तयार नाही. काटेपूर्णा, वाण, शहानूर या धरणांच्या पाण्याचे वाटे ठरतात ते पिण्यासाठी, सिंचनासाठी, उद्योगासाठी. नदीसाठी वाटा नाही. शहरातून जाणाऱ्या मोर्णेला उन्हाळ्यात उरतं ते सांडपाणी. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी नदीत उतरून जलकुंभी उपसली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. ते काम मोलाचंच होतं. तरीही साचलेल्या सांडपाण्यावर जलकुंभी पुन्हा माजणारच. ती वाहत्या पाण्यानेच हटते.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या जवळजवळ नऊशे गावांसाठी पाण्याचं वाटप हा जगण्याचा प्रश्न आहे. तिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. म्हणून गोड्या पाण्याच्या नळयोजना दूरच्या धरणांवर टांगलेल्या असतात आणि वाणचं पाणी दुसरीकडे न्यायचं म्हटलं की तेल्हाऱ्याचा शेतकरी रस्त्यावर येतो. तहानलेल्या गावाचंही खरं आणि शेतकऱ्याचंही खरं. दोघांची भांडणं लावून देणारी व्यवस्था मात्र बदलता येते.

वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरवरून येईल तेव्हा येवो. तोवर हातातलं करायला काय हरकत आहे? ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालणारा २००९ चा भूजल कायदा राज्यात केव्हाच आला आहे. पायथ्याच्या पट्ट्यात तो आधी लागू करून दाखवा. मात्र शेतकऱ्याला नुसती बंदी देऊ नका, नाल्यांवरच्या पुनर्भरणाच्या कामांना पैसाही द्या. केंद्रीय जल आयोग लाखपुरी, गोपाळखेड, येरळी इथे पूर्णेचा प्रवाह मोजतो. त्यातले डिसेंबर ते मार्चचे आकडे काठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागले पाहिजेत. आणि पावसाळ्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होईल तेव्हा लोकप्रतिनिधींनी सिंचनाच्या पाळ्यांआधी एक प्रश्न विचारावा: काटेपूर्णा आणि वाणमधून या हिवाळ्यात नदीसाठी किती पाणी सोडणार, आणि कोणत्या तारखांना?