सेवा करणारे पंतप्रधान आणि हक्क मागणारे वारली

सफाळे स्टेशनावर उतरून पश्चिमेला गेले की एडवणचा किनारा लागतो. त्याच स्टेशनावरून पूर्वेला वळले की डोंगर आणि आदिवासींचे पाडे सुरू होतात. पालघर तालुक्याचा एक तोंडवळा समुद्राकडे, दुसरा जंगलाकडे. या जंगलपट्टीच्या इतिहासात मुंबई इलाख्याच्या एका पंतप्रधानांचे नाव दोनदा येते. एकदा आदिवासींसाठी सेवा मंडळ काढणारे म्हणून आणि दुसऱ्यांदा आदिवासींवर गोळ्या झाडणाऱ्या सरकारचे प्रमुख म्हणून. हे पंतप्रधान म्हणजे बाळासाहेब गंगाधर खेर. एकाच माणसाच्या हातून या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, याचा विचार चळवळीने केला पाहिजे असे आम्हाला वाटते.

पंतप्रधान हा शब्द वाचून कोणी बुचकळ्यात पडू नये. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वराज्य मिळाले, तेव्हा प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत. मुख्यमंत्री हे नाव राज्यघटना लागू झाल्यावर रूढ झाले.

खेरांचा जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. ब्राह्मण कुटुंब, मुंबईत शिक्षण, पुढे सॉलिसिटरचा व्यवसाय. आधी स्वराज्य पक्षात, मग गांधीजींच्या मागे काँग्रेसमध्ये. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबईचे गाजलेले पुढारी के. एफ. नरिमन मागे पडले आणि खेर नेते झाले. नरिमन यांनी याचा दोष वल्लभभाई पटेलांना दिला आणि तो वाद बरेच दिवस चालला. जुलै १९३७ मध्ये खेर पंतप्रधान झाले. माणूस साधा, सज्जन, खादीधारी. त्यांच्यावर वैयक्तिक लाचलुचपतीचा आरोप आम्हालाही करायचा नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. सज्जन माणूस सत्तेवर आला म्हणजे दलित, आदिवासी, मजूर यांचा प्रश्न सुटतो काय?

याची परीक्षा लगेच झाली. खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकही अस्पृश्य मंत्री नव्हता. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात आणले. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी, कुणबी आणि महार एकत्र, मुंबईत विधिमंडळावर चालून आले. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाला खेर भेटले, त्यांनी ऐकून घेतले, सहानुभूती दाखवली. पण खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडावे लागले.

त्याच जानेवारीत आणखी एक प्रसंग घडला. सरकारी विधेयकात अस्पृश्यांना 'हरिजन' हे नाव देण्यास स्वतंत्र मजूर पक्षाने हरकत घेतली. ज्यांना हे नाव लावायचे त्यांनाच ते नको आहे, एवढे साधे म्हणणे. दादासाहेब गायकवाडांनी ते सभागृहात मांडले. सरकारने बहुमताच्या जोरावर नाव कायम ठेवले आणि आमचे सभासद सभागृहाबाहेर पडले. उपकार करणाऱ्याला उपकार घेणाऱ्याचे नावही आपणच ठेवायचे असते, हा त्याचा अर्थ. वर्षअखेरीस संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले. बाबासाहेबांनी सभागृहात त्यावर कडाडून हल्ला चढवला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. गोळीबार झाला. कायदा मात्र झालाच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४६ साली खेर पुन्हा सत्तेवर आले. तेव्हा मंत्रिमंडळात गणपतराव तपासे होते. सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यांवरील बंदी उठवणारा कायदा १९४६ साली झाला, मंदिर प्रवेशाचा १९४७ साली. हे कायदे खेरांच्या काळातले, याची नोंद आम्ही घेतो. पण त्या कायद्यांच्याही नावात 'हरिजन' हा शब्द होताच, हेही विसरत नाही.

आता जंगलपट्टीकडे या. ठाणे जिल्ह्यातील वारली जमीनदार-सावकाराच्या वेठीला जुंपलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या घरी राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. ही स्थिती खेरांना ठाऊक नव्हती असे नाही. त्यांच्याच पहिल्या सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासींच्या चौकशीचे काम दिले होते आणि त्याच्या अहवालात वारल्यांची गुलामी नोंदलेली होती. सत्ता सोडल्यावर १९४० साली खेरांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. मुलांना शिकवावे, दारू सोडवावी, चांगल्या सवयी लावाव्यात, अशी त्यामागची दृष्टी. हेतू चांगला होता.

पण १९४५ मध्ये वारली स्वतःच उठला. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी त्याला संघटित केले. चळवळीच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून आले होते. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती पडले. तेव्हा गव्हर्नरचे राज्य होते. इंग्रजांनी मारले, असे म्हणता येत होते.

पुढच्या वर्षी आपले सरकार आले. वारल्यांनी गवतकापणी आणि जंगलतोडीची मजुरी वाढवून मागितली, संप केला. तेव्हा खेरांच्या सरकारने काय केले? परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर घालवले, शेकडो वारल्यांना पकडले. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. जानेवारी १९४७ मध्ये याच पालघर तालुक्यातील नानिवलीला पोलिसांनी गोळीबार केला आणि वारली मेले. सेवा मंडळाचे संस्थापक तेव्हा मुंबईत पंतप्रधान होते.

आमच्या मते हा ढोंगीपणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. खेरांना वारल्यांची खरोखर दया येत होती. दया घेणारा वारली त्यांना हवा होता. मजुरीचा दर स्वतः ठरवणारा वारली मात्र त्यांना बिघडवलेला, भडकवलेला दिसला. दयेत देणाऱ्याचा हात वर राहतो. हक्कात दोन्ही हात एका पातळीवर येतात, आणि वरचा हात खाली आणणे सज्जनालाही जड जाते.

दुसरे एक उदाहरण दूरच्या बाल्कन प्रदेशातले. बल्गेरियाचे पंतप्रधान अलेक्झांडर स्ताम्बोलिस्की हे शेतकऱ्याचे पोर. राजाला महायुद्धात पडू नको असे तोंडावर सांगितले म्हणून १९१५ साली ते तुरुंगात गेले. १९१९ साली शेतकऱ्यांच्या संघटनेच्या बळावर पंतप्रधान झाले आणि जमीन धारणेवर मर्यादा घालणारा कायदा केला. त्यांच्याही हातून चुका झाल्या, विरोधकांवर दांडगाई झाली. जून १९२३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून सत्ता घेतली आणि त्यांना हाल करून मारले. खेरांची अखेर अशी झाली नाही. १९५२ साली ते लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले, १९५४ साली पद्मविभूषण मिळाले, राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद मिळाले आणि १९५७ साली ते सन्मानाने वारले. प्रस्थापितांना सेवा करणारा पंतप्रधान चालतो. जमिनीला हात घालणारा चालत नाही.

आज पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो झाला. लोकसभेची जागा राखीव आहे, विधानसभेच्या सहापैकी चार जागा राखीव आहेत. प्रतिनिधी आदिवासी आहेत, पण उमेदवारी कोण देतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क दिला, तरी दाव्यांसाठी खेटे घालावे लागतात. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, तेव्हाही किनाऱ्यावरच्या मच्छिमारांचा विरोध कायम होता. त्यांना नोकऱ्या आणि प्रशिक्षणाची आश्वासने मिळतात. तेही सेवेचेच नवे रूप आहे. समुद्र कोणाचा, हा हक्काचा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

म्हणून आमच्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच आहे. पुढारी दारी आला की तो किती साधा आहे, किती शाळा काढल्या, किती वह्या वाटल्या, एवढेच पाहू नका. आपली माणसे मजुरीसाठी, जमिनीसाठी, पाण्यासाठी रस्त्यावर उतरतील त्या दिवशी हा कोठे उभा राहील, हे त्याला विचारा. बाबासाहेबांनी आम्हाला सत्तेत वाटा मागायला शिकवले, कोणाची दया मागायला नाही. नानिवलीच्या वारल्यांनीही दया मागितली नव्हती. त्यांनी मजुरी मागितली होती.