फुकट? कुणाला?

परवा भाच्याचा फोन. ऑगस्टमध्ये श्रीलंकेत अरुगम बेला सर्फिंग शिकायला जायचंय. "मावशी, तीन हॉटेलं बुक करून ठेवलीत. आदल्या दिवशी दोन रद्द करणार. फुकट आहे!"

फुकट? कुणाला?

अरुगम बे म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं गाव. चांगल्या लाटांचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. पुढे ईशान्येचा पाऊस सुरू झाला की सर्फिंगवाले वेलिगामाकडे, दक्षिण किनाऱ्याला वळतात. म्हणजे पाच-सहा खोल्यांच्या हॉटेलवाल्याला वर्षभराची कमाई याच दिवसांत करायची. २००४ च्या त्सुनामीत हे गाव उद्ध्वस्त झालं. २०२२ च्या आर्थिक संकटाने देशातलं पर्यटन पुन्हा आटवलं. अशा माणसाची खोली आपण अडवायची, खऱ्या गिऱ्हाइकाला त्याने 'जागा नाही' म्हणायचं, आणि आपण बटण दाबून मोकळे!

"नियमात बसतं की," भाचा म्हणाला. बसतं ना. जेवायला येतो सांगून न जाणंही नियमात बसतं. वाढलेलं पान वाया जातं ते यजमानाचं.

बेत बदलतात, मान्य. पण मग एकच खोली घ्या. आधी थेट फोन करा. बोर्ड भाड्याने मिळेल का, नवशिक्यांचा बेबी पॉइंट किती लांब, ते विचारा. आणि जमणार नसेल तर कळल्या क्षणी कळवा.

भाच्याने त्याच रात्री दोन बुकिंगं सोडली. तुमच्या नावावर किती पडून आहेत?